बलून हप्ता आणि गाडीच्या उत्पादनाचा महिना : सही करण्यापूर्वी तपासायच्या दोन नोंदी

मुळाकाठ

यंदा जानेवारीत धाकट्या भावाची पहिली गाडी घेण्यासाठी आम्ही दोघे पुण्यातील एका शोरूममध्ये गेलो होतो. गाडी पसंत पडली, रंग हवा तोच मिळत होता, आणि तिथल्या विक्री प्रतिनिधीने एका कागदावर मोठ्या अक्षरांत हप्ता लिहून दिला : कर्ज ८ लाख, मुदत ६० महिने, दरमहा १४,१८५ रुपये. भावाच्या हातात येणाऱ्या पगारात हा आकडा नीट बसत होता, त्यामुळे तो लगेच टोकन द्यायला निघाला. मला मात्र तो आकडा खटकला. आदल्याच आठवड्यात मी ९.५ टक्के दराने घरी आकडेमोड केली होती आणि हप्ता १६,८०० रुपयांच्या आसपास येत होता. कर्ज तेवढेच, मुदत तीच, दर तोच. मग दरमहा २,६०० रुपये कमी कसे होतात?

विचारल्यावर "ही कंपनीची स्कीम आहे" एवढेच उत्तर मिळाले. मग मी कर्जाचे मुख्य तथ्य विवरण, ज्याला बँकेत सगळे केएफएस म्हणतात, ते मागितले. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी हे विवरण ग्राहकाला देणे रिझर्व्ह बँकेने बँकांना आणि बिगर बँक वित्त कंपन्यांनाही बंधनकारक केले आहे. अर्ध्या तासाने ते हातात आले. त्यातील परतफेडीच्या तक्त्यात ५९ ओळींपर्यंत १४,१८५ हाच आकडा होता, आणि साठाव्या ओळीत २,१४,१८५. शेवटच्या हप्त्याबरोबर एकदम भरायचे हे २ लाख म्हणजेच बलून पेमेंट. तोपर्यंत 'बलून' हा शब्द आमच्यापुढे कोणीही उच्चारला नव्हता.

तिथेच बसून बेरीज केली. नेहमीच्या हप्त्याने पाच वर्षांत साधारण २,०८,००० रुपये व्याज जाते आणि या रचनेत २,५१,०००, म्हणजे हप्ता कमी दिसण्याची किंमत ४३,००० रुपये. कारण साधे आहे. मागे ठेवलेल्या २ लाखांची परतफेड पाच वर्षे पुढे ढकलली जाते, पण त्यांच्यावरचे व्याज पहिल्या महिन्यापासून चालू असते.

दुसरी गोष्ट यार्डात कळली. आम्हाला देऊ केलेली गाडी पाहायला मागच्या आवारात नेले, तेव्हा बॉनेटवर धुळीचा जाड थर होता आणि वायपरच्या रबराखाली पिंपळाची वाळलेली पाने अडकली होती. टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक ११२५ होते, म्हणजे टायर २०२५ च्या अकराव्या आठवड्यातला, मार्च महिन्यातला. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर उत्पादनाचा महिना एप्रिल २०२५ होता. म्हणजे जानेवारी २०२६ मध्ये 'नवी' म्हणून मिळणारी गाडी नऊ महिने उभी होती. "४०,००० ची खास सूट" ज्या गाडीवर सांगितली होती ती हीच.

या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या जातात, पण माझ्या मते त्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. "पाच वर्षांनी गाडी विकून बलून भरून टाका" हे वाक्य आम्हाला दोनदा ऐकवले गेले. पाच वर्षांनी गाडीला काय भाव येईल हे तिच्या उत्पादनाच्या वर्षावर बरेचसे ठरते, आणि तेच वर्ष सांगितले जात नाही. कर्जाचा शेवट आणि गाडीची सुरुवात, या दोन्ही तारखा ग्राहकाच्या नजरेआड राहतात. आम्ही त्या दिवशी टोकन न देता परत आलो. ज्यांनी अशी गाडी किंवा असे कर्ज घेतले आहे, त्यांनी आपला अनुभव आकड्यांसह लिहावा, ही विनंती.

जुनी_खतावणी

मी ३१ वर्षे बँकेत कर्ज विभागात काम केले. आपली बेरीज बरोबर आहे, पण ती पडताळण्याची एक सोपी रीत सांगतो, जी शोरूममध्ये उभ्याउभ्या वापरता येते. कर्जाचे दोन तुकडे करावेत. ६ लाखांचा नेहमीचा हप्ता काढावा, तो ९.५ टक्क्यांनी १२,६०१ येतो. आणि उरलेल्या २ लाखांवर महिन्याचे निव्वळ व्याज काढावे, ते १,५८३ येते. दोन्हींची बेरीज १४,१८४. याचा अर्थ असा की आपण दरमहा १,५८३ रुपये भरत राहतो आणि त्यातून त्या २ लाखांचा एक पैसाही फिटत नाही. पूर्वी सावकाराकडे नुसते व्याज भरून मुद्दल तसेच ठेवण्याची पद्धत होती, त्याच जातीची ही रचना आहे.

पुष्कळांना असे सांगितले जाते की हप्त्यात वाचलेले २,६१७ रुपये दरमहा आवर्ती ठेवीत टाका आणि त्यातून बलून भरा. ६.५ टक्के व्याज धरले तर ६० महिन्यांनी त्या ठेवीचे सुमारे १,८५,००० रुपये होतात, म्हणजे १५,००० कमीच पडतात, आणि ठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर लागत असेल तर तूट आणखी वाढते. कर्जाच्या दराएवढा परतावा खात्रीने मिळाला तरच हे गणित पूर्ण होते. शिवाय माझ्या पाहण्यात अशी ठेव पाच वर्षे न मोडता चालवणारी कुटुंबे फार थोडी होती.

एक सूचना दराबद्दल. तोंडी सांगितलेला दर पुष्कळदा 'फ्लॅट' असतो, म्हणजे मूळ रकमेवर सरसकट आकारलेला. केएफएसमध्ये जो वार्षिक टक्केवारी दर छापलेला असतो, त्यात प्रक्रिया शुल्कासारखे खर्चही धरलेले असतात, म्हणून दोन कर्जांची तुलना त्याच आकड्याने करावी. आणखी एक : सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी हे विवरण किमान तीन कामकाजाचे दिवस वैध ठेवावे लागते, आणि त्या काळात ग्राहकाने होकार दिला तर त्यातील अटी कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक राहतात. त्यामुळे "आजच सही केली तरच हा दर" असे कोणी म्हटले, तर विवरण घरी नेऊन शांतपणे वाचण्याचा आपला हक्क आहे, हे लक्षात ठेवावे.

अबोली

माहिती फार उपयोगी आहे. माझा प्रश्न उत्पादनाच्या तारखेबद्दल आहे. टायर बदललेला असू शकतो, पट्टीवरचा मजकूर पुसट असू शकतो. मग खात्रीची नोंद कुठे मिळते? चेसी नंबरवरून वर्ष कळते असे ऐकले आहे, पण आमच्या डिलरने "तो कंपनीचा अंतर्गत नंबर असतो, त्यातून काही कळत नाही" असे सांगितले.

सह्यवाट

अबोली, तुम्हाला सांगितले गेले ते खरे नाही. चेसी नंबर, म्हणजेच वाहन ओळख क्रमांक, हा १७ स्थानांचा असतो आणि त्याची मांडणी ठरलेली असते. आकड्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात कधीच वापरली जात नाहीत. पहिली तीन स्थाने निर्मात्याची : मारुती सुझुकीची गाडी एमए३ ने सुरू होते, टाटाची एमएटी ने, ह्युंदाईची एमएएल ने, महिंद्राची एमए१ ने. आपल्याकडे बनलेल्या गाड्यांत दहावे स्थान वर्षाचे असते. २०२३ साठी पी, २०२४ साठी आर, २०२५ साठी एस आणि २०२६ साठी टी. क्यू वापरत नसल्यामुळे पी नंतर थेट आर येतो, आणि वर्षासाठी यू सुद्धा वापरत नसल्यामुळे २०२७ ला व्ही येईल. मुळाकाठ यांनी पाहिलेल्या गाडीच्या नंबरात दहाव्या जागी एस असणार.

महिन्याचे अक्षरही बहुतेक कंपन्या याच नंबरात घालतात, पण त्याची जागा आणि संकेत प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचा तक्ता आपल्या गाडीला लावू नये. पूर्ण बांधून परदेशातून येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत दहाव्या अक्षरावरही विसंबू नये; काही युरोपीय कंपन्या त्या जागी वर्ष देत नाहीत.

आता कागदांबद्दल, कारण शेवटी आरटीओत तेच चालतात. नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०, आणि डिलरने द्यायचे विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१. या दोन्हींत उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिण्याचा रकाना आहे, आणि पुढे तीच नोंद आरसीवर उतरते. फॉर्म २२ हे निर्मात्याचे प्रमाणपत्र असते आणि त्यावर चेसी व इंजिन क्रमांक असतात. माझी पद्धत अशी आहे की पैसे पूर्ण भरण्याआधी डिलरकडून चेसी नंबर लेखी मागायचा, मग यार्डात जाऊन गाडीवर कोरलेला नंबर स्वतः वाचायचा, आणि दोन्ही एकच आहेत हे पाहिल्यावरच पासिंगला संमती द्यायची. एकदा पासिंग झाले की गाडी तुमच्या नावावर चढते आणि नंतरची तक्रार फार अवघड होते.

टायर बदललेला असल्याची शंका असेल तर पाचही टायर पाहावेत, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून तळाशी शिवलेली छोटी चिठ्ठी पाहावी. बहुतेक गाड्यांत तिच्यावर तारीख असते. सुटे भाग गाडीच्या काही आठवडे आधी बनलेले असणे स्वाभाविक आहे. भागाची तारीख गाडीच्या नंतरची निघाली, तर तो का बदलला हे विचारावे.

दारापुढची_तुळस

नऊ महिने उभी राहिल्याने गाडी खरोखर खराब होते का? वॉरंटी तर डिलिव्हरीच्या दिवसापासून सुरू होते.

सह्यवाट

वॉरंटीबद्दल तुमचे बरोबर आहे. गाडी लगेच खराब होते असे नाही, पण उघड्या यार्डात एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेल्या गाडीत काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. बारा व्होल्टची बॅटरी महिनोन्महिने चार्ज न होता पडली असेल तर तिचे आयुष्य कमी झालेले असते, म्हणून ती तपासून घ्यावी किंवा बदलून मागावी. टायर एकाच जागी दबून राहिल्याने सपाट होतात आणि ८० च्या वेगाला स्टिअरिंगला थरथर जाणवते. उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असू शकते. ब्रेकच्या डिस्कवरचा वरवरचा गंज मात्र थोडे चालवल्यावर निघून जातो, त्याची काळजी करू नये.

रेल्वे_फाटक

मी बलून कर्जही घेतले आणि आदल्या वर्षाची गाडीही घेतली, म्हणून लिहितो. कर्ज ८ लाखांचे होते, बलून २ लाखांचा, दर आणि मुदत मुळाकाठ यांनी दिली तीच. गाडी डिसेंबरमध्ये बनलेली होती आणि मला फेब्रुवारीत मिळाली. दोनच महिन्यांचा फरक, म्हणून मी तेव्हा तिकडे लक्ष दिले नाही.

तीन वर्षांनी बदली होऊन गाडी विकायची वेळ आली. कर्जाचे ३६ हप्ते फिटले होते, म्हणून निम्म्याहून बरेच कर्ज संपले असेल अशा समजुतीत मी होतो. कर्ज कंपनीने बाकी दाखवली ४,७४,००० रुपये. साध्या कर्जात ती ३,६६,००० च्या आसपास असती. त्यावर मुदतीपूर्वी कर्ज बंद करण्याचे ४ टक्के शुल्क आणि जीएसटी मिळून २२,४०० रुपये. गाडी घेणाऱ्याने आरसी हातात घेतली, उत्पादनाच्या महिन्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "हे मागच्या सालचं मॉडेल आहे." आधी तोंडी ठरलेल्या भावातून त्याने ३५,००० कमी केले आणि ४,९०,००० दिले. गाडी गेली आणि वर माझ्या खिशातून ६,४०० रुपये गेले. त्या संध्याकाळी पत्नीला हा हिशेब समजावून सांगताना मला फार जड गेले, कारण कर्ज घेताना "हप्ता कमी आहे, घरखर्चाला ओढ बसणार नाही" असे मीच तिला पटवले होते.

कागद पुन्हा काढून पाहिले तेव्हा करारात सगळे लिहिलेले होते. मी हप्त्याच्या आकड्याखाली सही केली होती आणि तक्ता उलटून पाहिला नव्हता.

जुनी_खतावणी

रेल्वे फाटक यांनी दिलेला बाकीचा आकडा अगदी बरोबर आहे. अशा कर्जात मधल्या काळात बाकी जास्त राहते आणि त्याचा फटका फक्त विक्रीतच बसतो असे नाही. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी गाडीच्या घोषित मूल्याएवढीच रक्कम देते, आणि बोजा असलेल्या गाडीत ती आधी कर्ज देणाऱ्याकडे जाते. हे मूल्य काढण्याच्या रूढ तक्त्यात घसारा दोन ते तीन वर्षांसाठी ३० टक्के, तीन ते चार वर्षांसाठी ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांसाठी ५० टक्के धरला जातो. बाजारभाव याहून वेगळा असतो, तरी बलूनची रक्कम ठरवताना हा तक्ता समोर ठेवावा.

मुदतपूर्व शुल्काबद्दल एक खुलासा. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या तरत्या दराच्या कर्जावर असे शुल्क लावता येत नाही. वाहन कर्जे मात्र बहुधा स्थिर दराची असतात, म्हणून ते लागते. आपला दर कोणता, हे केएफएसमध्ये लिहिलेले असते.

ऊसपट्टा

आमच्याकडे सांगली-कोल्हापूर भागात ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही किंवा वार्षिक हप्ते असतात, कारण उसाचे बिल हंगामात येते. त्यामुळे "एकदम मोठी रक्कम" हा प्रकार आम्हाला नवा नाही. पण त्यात आणि बलूनमध्ये फरक आहे. सहामाही हप्त्यात प्रत्येक वेळी मुद्दल खाली येते. बलूनमध्ये एक ठरलेला भाग शेवटपर्यंत हलतच नाही. माझ्या चुलतभावाने कार घेताना हे दोन्ही एकच समजून कर्ज घेतले. उत्पन्न हंगामी असेल तर हंगामी हप्ता मागावा, शेवटी डोंगर ठेवू नये.

टेम्सकाठी

मी ११ वर्षे ब्रिटनमध्ये आहे. इकडे नव्या गाड्यांचा मोठा भाग पीसीपी नावाच्या कराराने विकला जातो आणि त्याच्या शेवटी बलूनच असतो. पण एक फरक मूलभूत आहे. इथे बलूनची रक्कम म्हणजे कर्ज देणाऱ्याने हमी दिलेले गाडीचे पुढचे किमान मूल्य असते. मुदत संपली की तीन वाटा असतात : रक्कम भरून गाडी ठेवा, ती बदलून नवी घ्या, किंवा ठरलेल्या मैलांच्या आणि सुस्थितीच्या अटी पाळून गाडी परत करा आणि मोकळे व्हा. भाव पडला तर तोटा कर्ज देणाऱ्याचा. मुळाकाठ यांनी वर्णन केलेल्या कर्जात परत करण्याची वाट दिसत नाही, म्हणजे भाव पडण्याचा सगळा धोका ग्राहकाचाच. भारतात काही कंपन्या ठरलेल्या किमतीला गाडी परत घेण्याच्या योजना देतात, पण ती हमी लेखी आणि रकमेसह असल्याशिवाय बलूनला तिचा आधार धरू नये.

तारखेबाबत इथली रीत वेगळी आहे. नंबर प्लेटवरच नोंदणीचा काळ असतो आणि तो वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये बदलतो. २०२५ मध्ये ते आकडे २५ आणि ७५ होते. लोक गाडीचे वय त्यावरूनच मोजतात.

अबोली

सह्यवाट, सविस्तर उत्तरासाठी आभारी आहे. आणखी एक शंका : गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला जीएसटी कमी झाला. एप्रिल २०२५ मध्ये बनलेल्या गाडीला जुना कर लागेल का?

मुळाकाठ

नाही. कर उत्पादनाच्या तारखेवर ठरत नाही, विक्रीच्या तारखेवर ठरतो. चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के आणि वर उपकर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्यानंतरच्या बिलाला नवाच दर लागतो, गाडी केव्हाही बनलेली असो. तुमच्या प्रश्नामुळे मी आमचा कागद पुन्हा पाहिला, आणि आम्हाला सांगितलेल्या सुटीतली एक गोष्ट आता लक्षात आली. ती सूट सप्टेंबरपूर्वीच्या किमतीतून वजा करून दाखवली होती. करकपातीने जी किंमत सर्वांसाठीच उतरली होती, तिचाच काही भाग जुन्या साठ्याची सूट म्हणून आमच्यापुढे मांडला होता. त्या दिवशीच्या एक्स-शोरूम किमतीशी तुलना केली तर खरी सूट ११,००० रुपयांचीच निघते.

माळावरचा_चिंच

मी थोडे वेगळे मत मांडतो. दोन्ही गोष्टी सरसकट वाईट नाहीत. मी पुढच्या तीन वर्षांत निवृत्त होणार आहे, ग्रॅच्युइटीची रक्कम साधारण ठाऊक आहे, आणि बलूनची तारीख तिच्यानंतर चार महिन्यांनी येते. जास्तीचे व्याज किती जाणार हे मोजून मी ते मान्य केले. जुन्या साठ्याबाबतही तेच. मी गाडी १२-१३ वर्षे वापरतो, त्यामुळे पुनर्विक्रीत एक वर्ष मागे पडल्याने मला फारसा फरक पडत नाही. मी भरपूर सूट आणि नवी बॅटरी लेखी घेऊन आदल्या वर्षाची गाडी आनंदाने घेतली. दोन्ही एकत्र मात्र मी घेणार नाही. बलून भरण्यासाठी ज्याला गाडी विकावी लागणार आहे, त्याने जुन्या साठ्याची गाडी घेऊ नये.

रेल्वे_फाटक

तुमचे शेवटचे वाक्य मला चार वर्षांपूर्वी वाचायला मिळायला हवे होते. एक भर घालतो. बलूनसाठी त्याच कंपनीकडून पुन्हा कर्ज घेण्याचा पर्याय मलाही सांगितला होता, पण ते जुन्या गाडीवरचे कर्ज ठरते. दर चढा आणि प्रक्रिया शुल्क पुन्हा.

जुनी_खतावणी

तक्रारीचा मार्ग कोणी लिहिलेला नाही, म्हणून थोडक्यात. कर्जाबाबत आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. गाडीच्या उत्पादन वर्षाबाबत फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन्हीकडे लेखी पुरावाच उपयोगी पडतो, म्हणून बुकिंगच्या पावतीवरच "उत्पादन वर्ष अमुक" असे लिहून घ्यावे. आणि कर्ज फिटल्यावर कर्ज देणाऱ्याकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्यायला विसरू नये. बलूनचा शेवटचा रुपया भरेपर्यंत तो उतरत नाही.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आमचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या शोरूममध्ये आम्ही बुकिंगच्या पावतीवर "उत्पादन जानेवारी २०२६ किंवा नंतरचे" असे लिहून घेतले आणि पाच आठवडे थांबलो. कर्ज साधेच घेतले, फक्त भावाने थोडे पैसे जास्त भरून ते ८ लाखांवरून ७ लाखांवर आणले, त्यामुळे हप्ता १४,७०१ झाला. बलूनच्या हप्त्याहून तो ५१६ रुपयांनी जास्त आहे, आणि साठाव्या ओळीतही तोच आकडा आहे.

परवा यार्डात गेलो. भावाने मोबाईलचा दिवा लावून कोरलेला नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचला आणि मी हातातल्या कागदावर खूण करत गेलो. दहाव्या जागी टी होता. फॉर्म २१ वरचा महिना जुळला, तेव्हाच त्याने पासिंगच्या कागदांवर सही केली. गाडी पाडव्याला घरी येते आहे.